एअर टॅक्सी उतरवताना: व्हर्टिपोर्टवर पहिल्यांदा काम करणाऱ्यांसाठी

व्हर्टिपोर्टवर, म्हणजे सरळ वर चढणाऱ्या-उतरणाऱ्या इलेक्ट्रिक एअर टॅक्सींच्या तळावर, नवीन रुजू झालेला माणूस पहिले काही दिवस आकाशाकडेच बघत राहतो. साहजिक आहे, बघण्यासारखं सगळं तिकडेच असतं. पण उतरण्याचं वेळापत्रक कोलमडतं ते बहुतेक वेळा जमिनीवरच्या कारणाने. एका स्टँडवरचं (विमान उभं करून ठेवण्याच्या जागेवरचं) चार्जिंग लांबतं, ट्रॉली भलत्याच कोपऱ्यात अडकते, प्रवाशाची टोपी उडून पॅडवर, म्हणजे उतरण्याच्या जागेवर, जाते. वरून येणारा पायलट आपलं काम चोख करत असतो आणि खाली त्याच्यासाठी जागाच नसते.

म्हणून सूत्र आधीच सांगून टाकतो. इकडे पॅड आणि स्टँड दोन्ही पक्के झाल्याशिवाय त्या विमानाने तिकडून उडायचंच नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका वाक्यावर उभ्या आहेत.

पायरी १: बॅटरीवरचं विमान हवेत का थांबवायचं नाही, हे समजून घ्या

मोठ्या विमानतळावर गर्दी झाली की विमानांना आकाशात घिरट्या घालायला लावतात. इंधन असतं, वेळ काढता येतो. इथे ती चैन नाही. एक किलो विमान-इंधनात सुमारे १२,००० वॅट-तास ऊर्जा असते आणि आजच्या चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये किलोमागे २५० ते ३०० च्या आसपास. इलेक्ट्रिक मोटर इंजिनापेक्षा बरीच कार्यक्षम असते, त्यामुळे तफावत थोडी कमी होते. मिटत मात्र नाही.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. इंधनाचं विमान उडता उडता हलकं होत जातं, बॅटरी रिकामी झाली तरी तिचं वजन तेवढंच राहतं. म्हणजे एअर टॅक्सी ज्या वजनाने उडाली त्याच वजनाने उतरते. शिवाय पंखांवर तरंगत पुढे जाताना जेवढी शक्ती लागते, त्याच्या कितीतरी पट शक्ती जागेवर अधांतरी थांबायला आणि सरळ खाली यायला लागते. आणि ही शक्ती नेमकी अशा वेळी मागायची, जेव्हा बॅटरी प्रवासातली सगळ्यात कमी भरलेली असते. चार्ज उतरला की व्होल्टेज पडतं आणि तेवढीच शक्ती देण्यासाठी जास्त करंट ओढावा लागतो, तशी बॅटरी आणखी तापते. ‘दोन मिनिटं थांबा, जागा करतो’ असं आपण खालून सहज म्हणतो. ती दोन मिनिटं वरच्या माणसाला फार महाग पडतात.

राखीव ऊर्जेचे नियम असतातच. अमेरिकेत दृश्य नियमांनी (बाहेर डोळ्यांनी बघत) उडणाऱ्या हेलिकॉप्टरला २० मिनिटांचं राखीव इंधन ठेवावं लागतं, विमानाला दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटांचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये एफएए या अमेरिकी विमान-नियामकाने या नव्या जातीच्या विमानांसाठी नियम काढले. वाटेत कुठेही उभं खाली उतरता येत असेल, तर हेलिकॉप्टरसारखी २० मिनिटं पुरतील अशी सवलत त्यांत ठेवली. पण हा राखीव साठा आपल्या गोंधळासाठी नाही. तो वारा फिरला, पॅड अचानक बंद झालं, दुसरीकडे जावं लागलं, अशा प्रसंगांसाठी आहे. आपल्या नियोजनात तो शून्य धरायचा.

पायरी २: तुमच्याकडे कोणतं विमान येतं ते ओळखा

‘एअर टॅक्सी’ हा शब्द एक असला तरी यंत्रं फार वेगवेगळी आहेत. जॉबी या कंपनीच्या विमानाला सहा प्रोपेलर असतात आणि ते उड्डाणात दिशा बदलतात. आर्चर कंपनीच्या मिडनाइटला बारा रोटर असतात, त्यांतले सहा पुढे वळतात आणि सहा फक्त उचलण्याच्या कामाचे. या दोघांनाही पंख आहेत, पायलट आहे आणि चार प्रवासी बसतात. इहँगच्या ईएच२१६-एस ला १६ प्रोपेलर असतात. त्याला पंख नाहीत, आत पायलटही नाही, दोन प्रवासी बसतात. या यंत्राला चीनच्या नियामकाने ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रकार-प्रमाणपत्र दिलं. व्होलोसिटीला १८ रोटर आणि दोन जागा.

ही माहितीपुस्तिकेतली आकडेवारी तुम्हाला कशाला हवी? मुख्यतः खाली काय आहे ते कळण्यासाठी. चाकं की स्किड, म्हणजे चाकांऐवजी टेकायच्या लांब पट्ट्या? जॉबी आणि मिडनाइटला चाकं आहेत. उतरल्यावर त्यांना ओढून किंवा ढकलून स्टँडवर नेता येतं. इहँग आणि व्होलोसिटी स्किडवर बसतात. त्यांना हलवायला ट्रॉली लागते किंवा तशी खास सोय असलेला पॅड. म्हणजे स्किडचं विमान उतरलं की तुमचं पॅड किती वेळ अडणार, हे ट्रॉली कुठे उभी आहे यावर ठरतं. पहिल्याच दिवशी ट्रॉलीची जागा रंगाने आखून घ्या आणि तिथे दुसरं काहीही ठेवू देऊ नका.

दुसरा आकडा म्हणजे ‘डी’. विमान, त्याचे फिरते रोटर धरून, वरून बघितल्यावर ज्या सगळ्यात लहान वर्तुळात मावेल त्या वर्तुळाचा व्यास. पॅडवर लिहिलेला डी आणि येणाऱ्या विमानाचा डी जुळवून बघणं हे तुमचं काम आहे. ते संगणकावर सोडून देऊ नका. वजनाची मर्यादाही त्याच वेळी बघायची. छतावरच्या पॅडसाठी ती जास्तच महत्त्वाची.

पायरी ३: पॅडभोवतीची तीन वर्तुळं आणि वरची उतरती वाट

मधला भाग, जिथे चाकं किंवा स्किड टेकतात, तो टीएलओएफ. त्याच्याभोवती फॅटो, म्हणजे उतरण्याचा शेवटचा आणि उडण्याचा पहिला टप्पा जिच्यावर पार पडतो ती जागा. त्याच्याही बाहेर सुरक्षा क्षेत्र. एफएएच्या सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शनात टीएलओएफ किमान १ डी आणि फॅटो किमान २ डी धरला होता. म्हणजे डी १५ मीटर असेल तर टेकण्याची जागा १५ मीटर आणि फॅटो ३० मीटर. ते मार्गदर्शन ५,६७० किलोपर्यंतच्या विमानांचा विचार करून केलं होतं. युरोपात तिथल्या नियामकाने, ईएएसएने, मार्च २०२२ मध्ये व्हर्टिपोर्टच्या रचनेचे तांत्रिक निकष काढले. दाट वस्तीत उभं चढण्या-उतरण्यासाठी पॅडच्या वर नरसाळ्याच्या आकाराची अडथळामुक्त जागा राखायची, ही कल्पना त्यांत आहे. तुमच्याकडे कोणाचे नियम लागू आहेत ते तुमच्या नियमपुस्तकात असेल, तेच पाळा. इथले आकडे फक्त अंदाज यावा म्हणून.

नवख्यांना पॅड दिसतं, वाट दिसत नाही. हेलिपोर्टच्या रचनेतून आलेला नेहमीचा उतार ८ ला १ असा असतो. ८ मीटर दूर गेलं की १ मीटर उंचीची मुभा. पॅडपासून ४०० मीटरवर ५० मीटरपेक्षा उंच काहीही वाटेत नको. सर्वेक्षण झालं तेव्हा वाट मोकळी होती हे खरं, पण शहर वाढत असतं. बांधकामाची टॉवर क्रेन एका रात्रीत उभी राहते आणि तिचा दांडा वाऱ्याबरोबर फिरतो. दिवसाची त्याची जागा एक, रात्रीची दुसरी. म्हणून दर पाळीच्या सुरुवातीला दोन्ही उतरत्या वाटांकडे डोळ्यांनी बघा, दुर्बीण घेऊन. नवी क्रेन, नवा अँटेना, गच्चीवर बांधलेला फुगा किंवा कापडी फलक, ड्रोन, पक्ष्यांचा थवा, जे दिसेल ते वहीत टिपा आणि कळवा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि कॅमेरे लावले म्हणून ते सुटत नाही.

वाटा दोन असाव्यात आणि त्या एकमेकींच्या जवळपास उलट दिशेला असाव्यात. हेलिपोर्टसाठी दोन वाटांत १३५ अंशांचं अंतर चांगलं मानतात. कारण सोपं आहे: वारा फिरला तर तोंड फिरवता आलं पाहिजे.

पायरी ४: स्लॉटचा (विमानाला दिलेल्या वेळेचा) हिशेब कागदावर मांडा

या पायरीवर थोडं रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते व्हर्टिपोर्टवरचं खरं कसब हेच.

समजा, एक विमान उतरताना पॅड ३ मिनिटं अडतं. यात उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यापासून विमान स्टँडवर सरकेपर्यंतचा सगळा वेळ आला. उडताना २ मिनिटं. म्हणजे एका फेरीला ५ मिनिटं आणि एका पॅडवर तासाला १२ फेऱ्या. ऐकायला छान. आता स्टँडकडे वळा. प्रवासी उतरणं, तपासणी, चार्जिंग, नवे प्रवासी बसणं असं सगळं मिळून विमान २५ मिनिटं स्टँडवर राहतं असं धरू. तासाला १२ फेऱ्यांसाठी १२ गुणिले २५ भागिले ६०, म्हणजे बरोबर ५ स्टँड लागतील, तेही एक मिनिट इकडेतिकडे झालं नाही तर. तुमच्याकडे चारच आहेत. त्यातला एक अडीनडीला रिकामा ठेवायचा. उरले तीन. तीन स्टँडवर तासाला सातच फेऱ्या बसतात. पॅड बारा म्हणतं, स्टँड सात म्हणतात. खरा आकडा सात.

आता चार्जिंग लांबलं आणि २५ ची ३५ मिनिटं झाली. तीन स्टँडवर तासाला पाच. दहा मिनिटांच्या उशिराने ताशी दोन विमानं गेली. ती दोन विमानं दुसऱ्या पॅडवर प्रवासी बसवून तयार असतील, म्हणून ही बातमी तिकडे लगेच पोचायला हवी. ‘अजून दहा मिनिटं’ हे वाक्य उशीर होणार असं दिसताच बोलायचं. उशीर होऊन गेल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

रिकाम्या स्टँडवर वरिष्ठांचा डोळा असतो. ‘एक स्टँड नुसता पडून आहे’ असं कोणीतरी म्हणतंच. तेव्हा त्यांना कोंडीचं चित्र काढून दाखवा. सगळे स्टँड भरलेत. एक विमान उतरून पॅडवर उभं आहे, त्याला जायला स्टँड नाही. स्टँडवरचं विमान उडायला तयार आहे, त्याला पॅड हवं. पॅडवरचा हलत नाही म्हणून स्टँडवरचा उडत नाही आणि स्टँडवरचा उडत नाही म्हणून पॅडवरचा हलत नाही. आणि तिसरं विमान वर आहे. सरकत्या चौकोनांच्या कोड्यात एक घर रिकामं असतं म्हणूनच बाकीचे चौकोन हलतात, तसंच हे. शेवटचा रिकामा स्टँड द्यायचाच झाला, तर आधी एक उड्डाण होऊ द्या, मग द्या.

दोन पॅड असले म्हणजे क्षमता दुप्पट होते असंही नाही. हेलिपोर्टच्या अमेरिकी मार्गदर्शनात एकाच वेळी दोन स्वतंत्र हालचाली करायच्या तर दोन फॅटोंमध्ये किमान २०० फूट, म्हणजे ६१ मीटर अंतर सांगितलं आहे. छतावर एवढी जागा क्वचितच मिळते. जवळजवळ असलेले दोन पॅड वेळापत्रकात एकच धरा. दुसऱ्याचा फायदा इतकाच की एक बंद पडलं तरी दुसरं हाताशी असतं, आणि तो फायदा काही कमी नाही.

पायरी ५: वारा पॅडच्या उंचीवर मोजा

हवामान खात्याचा आकडा शहराचा असतो, तुमच्या छताचा नव्हे. उंच इमारतीच्या कडेला वारा आदळून वर उसळतो, कोपऱ्यावर वेग घेतो आणि आडोशाच्या बाजूला भोवरे सोडतो. त्याच छताच्या दोन टोकांना एकाच क्षणी दोन दिशांचा वारा असू शकतो. वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या एकाच कापडी मोज्याकडे बघून पायलटला दिशा सांगितली तर तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितली. दोन-तीन ठिकाणी मापक असतील तर सगळे वाचा. सरासरीबरोबर वाऱ्याच्या अचानक येणाऱ्या झोताचा वेगही सांगा. उतरताना त्रास झोत देतो.

कुठल्या वाऱ्याला थांबायचं ते विमानाच्या पुस्तिकेत आणि तुमच्या पोर्टच्या मर्यादापत्रकात लिहिलेलं असतं. त्या आकड्यावर वाद घालायचा नाही. मात्र मर्यादा ओलांडायची वाट बघत बसणंही चुकीचं. आकडा मर्यादेकडे सरकायला लागला की नवी उड्डाणं तिकडेच थांबवायची विनंती करा. जी वर आहेत ती आधी उतरवा.

पायरी ६: प्रत्यक्ष उतरणं

उड्डाणाआधी: पॅड पक्कं, स्टँड पक्का, पर्यायी जागा पक्की. तिन्हींवर त्या विमानाचं नाव लिहिलेलं असलं पाहिजे. पर्यायी जागा कागदावर असून भागत नाही. तिथे फोन करून ती खरंच मोकळी आहे का हे विचारलेलं असायला हवं.

दहा मिनिटं आधी: स्टँड पुन्हा बघा. ट्रॉली किंवा ओढगाडी जागेवर आहे का, माणूस जागेवर आहे का. चार्जरचा दिवा हिरवा आहे का.

पाच मिनिटं आधी: पॅडवर चालून या. खडा, स्क्रू, प्लॅस्टिकची पिशवी, ओलं फडकं, काहीही नको. रोटरच्या झोतात पिशवी उडते आणि प्रोपेलरमध्ये जाते. पाऊस पडून गेला असेल तर साचलेलं पाणीही बघा.

तीन मिनिटं आधी: पॅड मोकळं करण्याची घोषणा. यानंतर पिवळ्या रेषेच्या आत कोणीही नाही, साहेबही नाही. दारं बंद, प्रवासी आत.

शेवटचा टप्पा: डोळे पॅडवर ठेवा, कान रेडिओवर. हेलिकॉप्टरमधून आलेली एक कल्पना इथे नीट समजून घ्या. उतरताना वाटेत एक निर्णयबिंदू असतो. त्याच्या आधी काही बिघडलं तर पायलट उतरणं सोडून वर निघून जाऊ शकतो. त्याच्यानंतर बिघडलं तरी तो पुढे येऊन उतरतोच. म्हणून पॅडवर काही दिसलं तर त्या बिंदूच्या आधी सांगितलं पाहिजे. शंका आली की लगेच बोला. खात्री करून मग बोलू म्हणालात तर उशीर झालेला असेल. ‘गो-अराउंड’ ऐकून पायलट वर गेला आणि पॅडवर नुसती सावली निघाली, तर कोणी तुम्हाला रागावता कामा नये. कोणी रागावलंच तर ती त्या व्हर्टिपोर्टची चूक.

रेडिओवरच्या शब्दांबद्दल एक ताकीद. तुमच्याकडे हवाई वाहतूक नियंत्रकाचा परवाना नसेल तर ‘उतरण्यास परवानगी’ असे शब्द चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. तुम्ही सांगायचं ते एवढंच: पॅड मोकळं आहे किंवा नाही, वारा इतका, अडथळा अमुक ठिकाणी. उतरायचं की नाही हे पायलट ठरवतो. परवानगी लागत असेल तर ती नियंत्रक देतो. पायलट नसलेल्या विमानात हा निर्णय जमिनीवरच्या नियंत्रण कक्षातला माणूस घेतो. पॅड थांबवण्याचं लाल बटण तिथे तुमच्या हातात आहे की त्याच्या, हे पहिल्या दिवशीच विचारून घ्या.

पायरी ७: टेकल्यानंतरची दोन मिनिटं

विमान टेकलं की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. नेमकी हीच वेळ सावध राहायची.

१६ मे १९७७ ला न्यूयॉर्कमधल्या पॅन अॅम इमारतीच्या छतावरच्या हेलिपोर्टवर न्यूयॉर्क एअरवेजचं सिकोर्स्की एस-६१ हेलिकॉप्टर उतरून उभं होतं. रोटर फिरत होते, प्रवासी चढत होते. धातूच्या थकव्याने उजव्या बाजूचं मुख्य लँडिंग गिअर मोडलं आणि हेलिकॉप्टर कलंडलं. फिरत्या पात्यांनी छतावरची माणसं गेली. तुटलेल्या पात्याचा तुकडा खाली रस्त्यावर पडला आणि तिथेही एक पादचारी गेली. एकूण पाच बळी. ते हेलिपोर्ट पुन्हा उघडलं नाही. उड्डाणात काही चुकलं नव्हतं, वाऱ्याचाही दोष नव्हता. विमान उभं होतं.

इलेक्ट्रिक विमानात एक वेगळाच धोका आहे: आवाज. इंजिन चालू असलं की कानाला कळतं. मोटर मात्र सज्ज असूनही गप्प असते आणि आज्ञा मिळताच क्षणात फिरते. ‘पंखे थांबलेत’ म्हणजे ‘पंखे बंद आहेत’ असं नव्हे. मोटरची वीज तोडल्याची खूण पायलटकडून किंवा दिव्यावरून मिळाल्याशिवाय कोणीही जवळ जायचं नाही. ती मिळाली की चाकांना अडण्या लावायच्या आणि मगच दार. प्रवाशांना एकट्याने चालू द्यायचं नाही, रंगवलेल्या वाटेवरून माणसाने सोबत नेऊन आत पोचवायचं.

झोताबद्दलही बोललं पाहिजे. रोटर हवा खाली ढकलतो. ती हवा पॅडवर आदळून जमिनीलगत चहूकडे पसरते आणि कडेला उभ्या माणसाला पाडू शकते. एफएएने डिसेंबर २०२४ च्या सुधारित मार्गदर्शनात या झोतासाठी वेगळं सावधगिरीचं क्षेत्र आणलं. ताशी सुमारे ५५ किलोमीटरपेक्षा जोरात हवा जिथे लागेल ती जागा त्यात येते. लहान विमान म्हणजे कमी झोत असा समज करून घेऊ नका. तेवढंच वजन लहान रोटरवर तोलायचं तर हवा जास्त वेगाने ढकलावी लागते. शेजारच्या स्टँडवर प्रवासी चढत असतील तर उतरणाऱ्या विमानाचा झोत त्यांच्यापर्यंत पोचतो का, हे एकदा मोजून घ्या आणि पोचत असेल तर चढणं तेवढा वेळ थांबवा.

पायरी ८: चार्जिंगची वही स्वतः वाचा

चार्जिंग तंत्रज्ञांचं काम असलं तरी तुमचे स्लॉट त्यावर चालतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. उतरताना बॅटरीतून जोरात करंट गेलेला असतो, म्हणून ती तापलेली असते. ती थंड होईपर्यंत चार्जर पूर्ण वेगाने करंट देत नाही. उन्हाच्या दिवशी हा वेळ वाढतो. दुसरं, बॅटरी भरत आली की वेग आपोआप मंदावतो. शेवटच्या वीस टक्क्यांना जेवढा वेळ लागतो तेवढ्यात आधीचे त्याहून कितीतरी जास्त टक्के भरतात. म्हणून ‘९० टक्के झालं, आता लगेच होईल’ या शब्दांवर विसंबून पुढचा स्लॉट देऊ नका. पुढच्या फेरीला किती चार्ज पुरेसा आहे ते विचारा. जवळची फेरी असेल तर विमान शंभर टक्क्यांपर्यंत अडवून ठेवायची गरजच नसते.

सगळे चार्जर एकदम चालू केले तर इमारतीची वीजजोडणी पुरते का, हेही विचारून ठेवा. बऱ्याच ठिकाणी ती वाटून दिली जाते आणि चौथं विमान लागलं की आधीच्या तिघांचा वेग उतरतो. वरच्या हिशेबातली २५ मिनिटं अशीच ३५ होतात.

पायरी ९: वाईट दिवस

पॅड अडलं. विमान पॅडवर बंद पडलंय, हलत नाही. पहिला फोन कंपनीला करू नका. आधी रेडिओवरून वर असलेल्या सगळ्यांना कळवा: पॅड बंद, पर्यायी जागेकडे जा. मग तिकडच्या पोर्टना उड्डाणं थांबवायला सांगा. त्यानंतर ते विमान हलवण्याचं बघा. हा क्रम उलटा झाला की मुळावर येतं. विमान ओढायला किती वेळ लागतो याची रंगीत तालीम वर्षातून काही वेळा तरी व्हावी, घड्याळ लावून.

धूर. लिथियम-आयन बॅटरीची आग साध्या आगीसारखी नसते. एक सेल तापून फुटला की शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा. ज्वाळा विझल्या तरी आतली उष्णता राहते आणि काही तासांनी बॅटरी पुन्हा पेट घेऊ शकते. म्हणून भरपूर पाण्याने थंड करत राहणं, विषारी धुरापासून माणसं वारा जिकडून येतो त्या बाजूला नेणं आणि विझल्यासारखं दिसणारं विमान बाकीच्यांपासून दूर वेगळं ठेवून त्यावर पहारा ठेवणं, हे सगळं ओघाने येतं. अमेरिकेत हेलिपोर्टसाठीचं एनएफपीए ४१८ हे अग्निसुरक्षेचं प्रमाण आता व्हर्टिपोर्टनाही धरून आहे. तुमचं काम आग विझवणं नाही. माणसं बाहेर काढा, वीज तोडा, पॅड बंद करा, अग्निशमन दलाला वाट दाखवा. छतावर असाल तर ते कुठल्या जिन्याने वर येणार आणि पाणी कुठून घेणार हे त्यांना आधीच फिरवून दाखवलेलं असलं पाहिजे.

रेडिओ गेला. प्रकाशसंकेत आणि दुसरा रेडिओ दोन्ही हाताशी हवेत. बॅटरी भरलेली आहे का हे पाळीच्या सुरुवातीला बघायचं, रेडिओ गेल्यावर नव्हे.

पायरी १०: शेजारी

यावर थोडक्यात. ही विमानं हेलिकॉप्टरपेक्षा बरीच शांत आहेत. नासाबरोबर केलेल्या चाचण्यांत जॉबीचं विमान सुमारे ५०० मीटर उंचीवरून जाताना जमिनीवर ४५.२ डेसिबल आवाज मोजला गेला. पण शेजारच्या खिडकीत बसलेल्या माणसाला तुमचा एक आवाज त्रास देत नाही, दर आठ मिनिटांनी येणारा देतो. ठरलेली वाट सोडून जवळच्या वाटेने विमान आणण्याचा मोह आवरा. तक्रार आली की तारीख आणि वेळ लिहून घ्या. त्या वेळचा वारा आणि वापरलेली वाट बघूनच उत्तर द्या.

पाळी सोपवताना

पुढच्या माणसाला तोंडी सांगा आणि वहीतही लिहा. वर किती विमानं आहेत, कुठला स्टँड रिकामा आहे आणि तो कोणासाठी राखलाय, कोणता चार्जर मंद चालतोय, वाटेत आज नवीन काय दिसलं, वारा कुठे सरकतोय. क्रेनचा दांडा आज पूर्वेला बांधलाय की मोकळा सोडलाय, हेही. त्याने ते परत म्हणून दाखवेपर्यंत हेडफोन उतरवू नका. शेवटच्या तीन मिनिटांत येणारं विमान असेल, तर ते उतरून स्टँडवर लागेपर्यंत पाळी तुमचीच.